घराचा आवाज
(भाषणाचा मजकूर)



चित्र पाहावयाचे आणि गाणे ऐकावयाचे, अशी कलांची वाटणी सर्वसाधारण रसिकाच्या मनात पक्की असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक कलावंतांनी ही वाटणी मोडली. वस्तू, प्रकाश आणि ध्वनी यांची एकत्र मांडणी करून त्यांनी प्रेक्षकालाच श्रोता केले. या मार्गाने घर आणि कुटुंब हा विषय ज्यांनी समर्थपणे हाताळला, त्यांत मोना हातूम यांची गणना होते.

हातूम यांचा जन्म १९५२ साली बैरूत येथे एका पॅलेस्टिनी कुटुंबात झाला. १९७५ साली त्या लंडनला गेल्या असता लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. आईवडील तिकडे, कन्या इकडे. ही ताटातूट त्यांनी १९८८ साली ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ या चित्रफितीत मांडली. पडद्यावर आईची छायाचित्रे दिसतात आणि त्यांच्यावर तिच्या पत्रांतील अरबी ओळी पसरलेल्या असतात. कानांवर मात्र एकाच वेळी दोन ध्वनी येतात. एक, मायलेकींच्या अरबीतील मनमोकळ्या गप्पांचा व हसण्याचा. दुसरा, त्याच पत्रांचे इंग्रजी भाषांतर संथपणे वाचणाऱ्या कन्येचा. पहिल्यात सहवास आहे, तर दुसऱ्यात विरह. अखेरीस आई कळविते की, त्या भागातील टपाल कचेरी बॉम्बस्फोटात उद्ध्वस्त झाली आहे. एक कचेरी बंद पडली म्हणजे एका कुटुंबाचा संवाद कसा तुटतो, हे येथे कोणतेही भाष्य न करता समजते.

२००० साली त्यांनी ‘होमबाउंड’ हे मांडणशिल्प उभारले. या इंग्रजी शब्दाचे अर्थ दोन : घराकडे निघालेला आणि घरात अडकलेला. टेबल, खुर्च्या, चाळणी, किसणी अशा नित्याच्या वस्तू येथे विजेच्या तारांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. मधूनच दिवे उजळतात, मंदावतात आणि वाहत्या विजेची गुणगुण ध्वनिवर्धकातून वाढत जाते. प्रेक्षकाला पोलादी तारांच्या अलीकडेच थांबावे लागते. जी किसणी रोज हाती असते, तिचीच भीती वाटू लागते. घर हे आश्रयस्थान असते, त्याचप्रमाणे कोणासाठी तो कोंडवाडाही असू शकतो, हे ती गुणगुण सांगते.

या दोन कलाकृतींचा बोध कलादालनापुरता मर्यादित नाही. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायतीचे सदस्य कामानिमित्त अनेक घरांच्या उंबरठ्याशी जातात. तेथे कुटुंबप्रमुखाचे उत्तर लिहून घेतले जाते. पण त्यामागे स्वयंपाकघरातून येणारा आवाज, किंवा तेथील शांतता, कोणत्याही रकान्यात बसत नाही. दूर गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणारी आई किंवा घरातच धास्तावलेली सून पुष्कळदा तोंडाने काही बोलत नाही. तिचे न बोलणे ज्याला ऐकू येईल, त्यालाच ते घर खऱ्या अर्थाने समजेल.