दुखण्यावर लेसरचा उजेड



यंदाच्या वर्धापनदिनी सभासदांपैकीच काहीजणींनी उपयोगी विषयावर थोडे थोडे बोलावे असे मंडळाने ठरविले, आणि माझ्या वाट्याला ‘लेसरचा शेक’ हा विषय आला. त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या कोपरावर हे उपचार झाले. तेव्हापासून भाजीबाजारात, देवळात, एस.टी.च्या थांब्यावर मला एकच प्रश्न येतो, ‘काय गं, त्या लाईटने खरंच गुण येतो का?’ एकेकीला उत्तर देत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच द्यावे, म्हणून उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा इंग्रजीतले जे काही मी सांगेन, ते माझ्या नणंदेच्या मुलीने मूळ कागद वाचून मला समजावून दिलेले आहे असे धरावे. ती मुंबईला भौतिकोपचाराचे, म्हणजे आपण ज्याला फिजिओ म्हणतो त्याचे, शिक्षण घेते.

पहिली गोष्ट ही की, हा शेक नव्हे. शेक म्हटला की ऊब आली. तव्यावर तापविलेले फडके घ्या, वाळूची पुरचुंडी घ्या, रबरी पिशवी घ्या, अंगाला ऊब लागते आणि बरे वाटते. या लेसरने तसे काहीच होत नाही. दवाखान्यातल्या बाईंनी जाडसर पेनासारखी एक दांडी माझ्या कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ टेकविली, मिनिटभर धरली, थोडी सरकवून पुन्हा धरली. ना चटका, ना मुंग्या, ना ऊब. त्या दांडीतले किरण डोळ्यांना दिसतही नाहीत. माझ्या शेजारच्या बाकावरील आजी म्हणाल्या, ‘बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय.’ यंत्र व्यवस्थित चालू होते. त्याची तऱ्हाच तशी आहे. (अधिक शक्तीचे, ऊब आणणारेही एक लेसर यंत्र हल्ली निघाले आहे. ते वेगळे. मी मंद लेसरविषयी बोलते आहे.)

लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा उजेड. साध्या दिव्यात सगळे रंग मिसळलेले असतात, यात एकच. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मैमन या शास्त्रज्ञाने माणकाच्या कांडीतून तो प्रथम काढला. पुढे सातच वर्षांनी, १९६७ साली, बुडापेस्टच्या डॉ. एंद्रे मेस्टर यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून त्यावर मंद लेसर सोडून पाहिला. या किरणांनी कर्करोग होतो की काय, ही त्यांची शंका होती. कर्करोग झाला नाही, उलट ज्यांच्यावर किरण सोडले त्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले! हा सारा उपचार असा उंदरांच्या केसांतून निघाला आहे. हे ऐकून माझ्या सासूबाईंनी आपल्या विरळ झालेल्या केसांविषयी चौकशी केली, ती गोष्ट वेगळी.

तो वेदनेवर कसा चालतो? आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणाऱ्या बारीक चुली असतात असे समजा. तांबडा आणि तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड त्या चुलींतला एक घटक शोषून घेतो, त्यामुळे पेशीला जास्त शक्ती मिळते, सूज आणि दाह कमी होतो, आणि दुखण्याची वर्दी नेणाऱ्या शिरांचे काम थोडे मंदावते, असे या विषयातील जाणकारांचे मत आहे. हा उजेड कातडीखाली थोडाच खोल पोचतो. म्हणून कोपरासारख्या, जिथे हाड आणि स्नायूचा दोर कातडीलगत आहे अशा जागी तो नीट लागतो. कमरेच्या खोल मणक्यापर्यंत तो पोचविणे सोपे नाही.

आता मुख्य प्रश्न, गुण येतो का? माझे कोपर दीड महिन्यात बरे झाले. उन्हाळाभर पापड लाटून आणि पावसाळ्यात ओल्या चादरी पिळून ते इतके दुखत होते की चहाचा कप उचलताना हात सुटे. आता दुखत नाही. पण भगिनींनो, यावरून मी ‘लेसरने गुण आला’ असे तुम्हाला सांगणार नाही. कारण त्या दीड महिन्यात मी पापड लाटले नाहीत, चादरी धाकट्या जावेने पिळल्या, बाईंनी शिकविलेला व्यायाम मी रोज केला, आणि असे कोपर पुष्कळदा काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, आपोआपही बरे होते. मग श्रेय कोणाला द्यायचे? एकटीच्या अनुभवावरून ते कळत नाही.

ते कसे कळते, याचा धडा आपल्या महाडमध्येच घालून दिलेला आहे. डॉ. हिम्मतराव बावस्करांचे नाव इथे कोणाला सांगायला नको. सत्तरीच्या दशकात ते बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावला की लोक मांत्रिकाकडे धावत. पुष्कळ विंचूदंश तसेही जिवावर बेतत नाहीत, म्हणून मांत्रिकाचे नाव होई, आणि ज्याच्या हृदयावर विष जाई तो दगावे. डॉक्टरांनी रोग्याच्या उशाशी बसून टिपणे ठेवली, प्राझोसिन हे औषध लागू पाडले, आणि त्यांचे लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ साली त्यांनी व डॉ. प्रमोदिनीबाईंनी महाडच्या ७० रोग्यांवरील अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रोगी दोन गटांत वाटले. एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरची लसही. दुसरा गट सरासरी १० तासांत बरा झाला, पहिल्याला जवळजवळ १८ तास लागले. दोन गट समोरासमोर ठेवले म्हणून लसीचा गुण निर्विवाद दिसला. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद केला. पण त्यांची ही रीतही आपण उचलली पाहिजे असे मला वाटते. कोणी ‘आमच्या औषधाने गुण येतो’ म्हणाले की विचारावे, ‘ज्यांनी ते घेतले नाही त्यांचे काय झाले?’

लेसरच्या बाबतीत ही पारख करणे सोपेही आहे. किरण दिसत नाहीत, ऊब लागत नाही. तेव्हा अर्ध्या रोग्यांना खरे यंत्र लावायचे, अर्ध्यांना तसेच दिसणारे पण किरण न सोडणारे. कोणाला कोणते लागले हे रोग्याला कळत नाही आणि तपासणाऱ्यालाही सांगायचे नाही. अशा पुष्कळ परीक्षा झालेल्या आहेत.

मानेच्या दुखण्यावरच्या अशा १६ परीक्षा, मिळून ८२० रोग्यांच्या, ऑस्ट्रेलियातील डॉ. रोबर्टा चाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये एकत्र तपासल्या. ताज्या दुखण्याला उपचारानंतर लगेच आराम पडला, आणि जुन्या दुखण्यात तो आराम २२ आठवड्यांपर्यंत टिकलेला दिसला. कोपराची गंमत निराळी. २००८ सालच्या एका तपासणीत असे आढळले की, ९०४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा लेसर नेमका दोराच्या टोकाशी लावला तर थोड्या दिवसांपुरता उपयोग होतो, दुसऱ्या काही लहरींचा लावला तर होत नाही. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा फरकाने गुण येतो किंवा जातो! म्हणजे ‘लेसर घेतला’ एवढे म्हणून भागत नाही. ‘डाळ केली’ म्हटल्यावर तुरीची की मसुरीची, हे विचारावे लागतेच.

गुडघ्याच्या झिजेविषयी तर विद्वानांतच मतभेद आहेत. २०१९ साली नॉर्वेच्या संशोधकांनी २२ परीक्षा तपासून सांगितले की योग्य मात्रेत दिल्यास वेदना कमी होते. पण इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२२ साली, पुरेसा पुरावा नाही म्हणून, गुडघ्याच्या झिजेला लेसर देऊ नये असे ठरविले. त्याऐवजी व्यायाम आणि वजन उतरविणे यांवर भर दिला. कमरेच्या साध्या दुखण्याविषयी २००८ सालच्या मोठ्या तपासणीचा निकालही ‘पुरेसा पुरावा नाही’ असाच होता. आणि आपल्याकडे तर कंबरच जास्त दुखते! आषाढात चिखलात वाकून भाताची लावणी, मग बेणणी, मग कापणी, वर डोक्यावर लाकडाची मोळी आणि कमरेवर हंडा. जुलै २०२१ च्या पुरानंतर घराघरातला चिखल फावड्याने आणि बादल्यांनी आपणच उपसला. त्या महिन्यात महाडमध्ये न दुखणारी कंबर दाखवावी लागली असती.

मात्रेचे थोडे सांगते, कारण इथेच फसगत होते. किरणांची मात्रा ज्यूल या मापात मोजतात. ५० मिलिवॅटचे यंत्र एका जागी ६० सेकंद धरले तर ३ ज्यूल होतात. सेकंद कमी केले की मात्रा कमी. फार कमी दिली तर उपयोग नाही, आणि फार जास्त दिली तरी उपयोग घटतो, आमटीतल्या मिठासारखे. म्हणून दांडी अंगावरून इस्त्रीसारखी भराभर फिरवून कोणी दोन मिनिटांत उठवीत असेल, तर ‘किती ज्यूल दिले?’ असे खुशाल विचारावे. आपण सोनाराला तोळे विचारतो, तेव्हा लाजतो का?

पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतील माझ्या ओळखीच्या बाईंना एका ठिकाणी (नाव घेत नाही) कमरेसाठी पंधरा वेळा लेसर घ्यायला सांगितले, आणि पैसे आधीच भरून घेतले. प्रत्येक वेळी पहाटे वाडीवरून पायी उतरायचे, एस.टी. धरायची, पाच मिनिटांच्या उपचारासाठी दिवस घालवायचा, वर त्या दिवसाची मजुरी बुडायची. व्यायाम एकही शिकविला नाही. त्यांच्या कमरेला आराम पडला नाही हे तर झालेच, पण मला खरा राग येतो तो व्यायाम न शिकविल्याचा. तो शिकायला एक फेरी पुरली असती, आणि पुढे तो घरच्या ओटीवर फुकट करता आला असता. आपल्या देशातले भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली निघाले. तेव्हा लेसर जन्मालाही आला नव्हता. हाताने सांधा हलवून, बळ आणणारा व्यायाम करून घेऊन माणसे उभी करण्याची ही विद्या आहे. यंत्र नंतर आले आणि मदतनीस म्हणून आले. वेदना थोडी उतरली की व्यायाम करणे सोपे जाते, हा त्याचा मोठा फायदा. मदतनीसालाच घरधनीण करू नये.

काही सावधगिरी सांगते. किरण दिसत नसले तरी डोळ्याला घातक आहेत. दोघींच्याही, म्हणजे उपचार करणारीच्या आणि घेणारीच्या, डोळ्यांवर त्या कामाचा खास चष्मा हवा. साधा काळा चष्मा चालत नाही. मुलांना त्या खोलीत नेऊ नये. गरोदर बाईच्या पोटावर वा कमरेवर, कर्करोगाच्या गाठीवर हा उपचार करीत नाहीत. उन्हाने अंग भाजण्याचा त्रास ज्या औषधांनी होतो ती औषधे चालू असतील तर आधी सांगावे.

आणि दुखणे कसले आहे हे कळल्याशिवाय लेसरच काय, कोणतेच यंत्र लावून घेऊ नये. पावसाळ्यात शेतात काम केल्यावर ताप आला आणि पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्या, तर ती नुसती अंगदुखी समजू नये. तो लेप्टो असू शकतो. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, औषध वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. छातीतून डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, घाम, दम, ही हृदयाची खूण असू शकते. कंबरदुखीबरोबर पायातले बळ जाणे, बसण्याची जागा बधिर होणे, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काही झाले तर रात्र काढू नये. रात्री झोपेतून उठविणारे, उतरत्या वजनाबरोबर आलेले दुखणेही आधी डॉक्टरांना दाखवावे.

मोबाईलवर हल्ली तांबड्या दिव्याचे पट्टे विकायला येतात. सुनांनो, तुम्ही ते मागविण्याआधी त्यावर लहरींची लांबी आणि शक्ती छापली आहे का, एवढे तरी पाहा.

आता माझ्या कोपराच्या व्यायामाचे. हात टेबलावर ठेवायचा, पंजा कडेबाहेर, तळवा खाली. मुठीत अर्धा लिटर पाण्याची बाटली धरायची. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलायचा आणि मग दुखऱ्या हाताने तो सावकाश, पाच आकडे मोजत, खाली सोडायचा. सुरुवातीला दहा वेळा. थोडे ओढल्यासारखे झाले तर चालते, कळ आली तर बाटलीतले पाणी कमी करायचे. बाटली मी पिशवीतून आणलेली आहे. चहापानाच्या वेळी ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी मागच्या खोलीत यावे.