शाळेतील बीजगणित आणि प्रा. श्रीराम अभ्यंकर
(चिरनेर येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नववीला बीजगणित शिकवणाऱ्या शिक्षकाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "सर, हे क्ष आणि य पुढे कुठे लागतात?" पालकही तेच विचारतात, फक्त जरा अदबीने. मुलाला धंद्यात घालायचे आहे किंवा आखातात पाठवायचे आहे, तर अवयव पाडून त्याने काय करायचे? या प्रश्नाला उपदेश हे उत्तर नव्हे. त्यापेक्षा एका माणसाची हकीकत सांगतो.

१९३० साल आपले चिरनेर विसरू शकत नाही. त्या वर्षी २५ सप्टेंबरला येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्याच वर्षी २२ जुलैला उज्जैन येथे एका मराठी कुटुंबात श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा जन्म झाला. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक होते. श्रीराम मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली बी. एस्सी. झाले आणि १९५५ साली अमेरिकेत हार्वर्डला प्रा. झारिस्की यांच्या हाताखाली पीएच. डी. झाले. १९६३ पासून २०१२ साली निधन होईपर्यंत ते पर्ड्यू विद्यापीठात होते.

त्यांचा विषय कोणता? बहुपदी. आपल्या पाठ्यपुस्तकातली बहुपदी! थोडा कागद-पेन्सिलीचा त्रास घ्या. 'यचा वर्ग = क्षचा वर्ग × (क्ष + १)' हे समीकरण आलेखावर काढा. वक्र स्वतःलाच छेदतो आणि आरंभबिंदूवर त्याला गाठ पडते. आता य च्या जागी 'म गुणिले क्ष' लिहा. दोन्ही बाजूंचा क्षवर्ग जातो आणि उरते 'मचा वर्ग = क्ष + १'. गाठ सुटली! कारण एकाच बिंदूतून जाणाऱ्या दोन फाट्यांना आता म च्या दोन वेगळ्या किमती मिळाल्या, १ आणि उणे १. अशाच गाठी वक्रांऐवजी पृष्ठांवर, आणि अंकगणिताचे नियमच निराळे असलेल्या संख्यांच्या जगात सोडवणे, हा अभ्यंकरांच्या प्रबंधाचा विषय होता. तेथे काम फारच अवघड होते, पण मूळ युक्ती तुम्ही आत्ता केलीत त्याच जातीची.

त्या काळी मोठमोठे गणिती हिशेबी रीतींना नाके मुरडत असत. दोन समीकरणांतून एका चलाचा लोप करणे त्यांना जुनाट वाटे. अभ्यंकर मात्र शाळेतले बीजगणितच बलवान आहे असे उघड सांगत, लिहीत. १९७६ साली त्यांनी बीजगणितीय भूमितीच्या इतिहासावर लिहिलेल्या लेखाला पुढे अमेरिकेत मानाचे शोव्हने पारितोषिक मिळाले. त्यातही हाच आग्रह आहे. मला तो पटतो. शिक्षक आहे म्हणून असेल!

मग संगणक आला. यंत्राचा भाग किंवा विमानाचा पत्रा संगणकावर रेखायचा, तर समीकरण एकटे पुरत नाही. समीकरणाने एखादा बिंदू वक्रावर आहे की नाही एवढे तपासता येते, पण नवे बिंदू भराभर काढायला सूत्र लागते. वरच्याच उदाहरणात क्ष = मवर्ग उणे १, आणि य = म × (मवर्ग उणे १). म ला हवी ती किंमत द्या, बिंदू तयार. उलट म चा लोप केला की मूळ समीकरण परत येते. मात्र प्रत्येक वक्राला अशी सूत्रे नसतात. 'यवर्ग = क्षघन + १' याला ती मिळणे शक्यच नाही. तेव्हा सूत्रे आहेत का हे आधी ठरवायचे, आणि असल्यास ती यंत्राने आपोआप शोधायची. या रीती अभ्यंकर व त्यांचे सहकारी चंद्रजित बजाज यांनी १९८७ ते १९८९ या काळात चार शोधनिबंधांत मांडल्या. पर्ड्यूत अभ्यंकर संगणकशास्त्र आणि औद्योगिक अभियांत्रिकी यांचेही प्राध्यापक होते. जुनाट म्हणून टाकलेली हत्यारे कारखान्याला हवी होती.

यात परके असे काही नाही. 'अल्जिब्रा' हा शब्द नवव्या शतकात बगदादला काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मींच्या ग्रंथाच्या नावातून आला, आणि संगणकवाले ज्याला 'अल्गोरिदम' म्हणतात तो खुद्द त्यांच्या नावावरून. भास्कराचार्यांची लीलावती अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली फारसीत नेली. अभ्यंकरांनी १९७६ साली पुण्यात संशोधन संस्था काढली, तिचे नाव भास्कराचार्य प्रतिष्ठान.

आता पालकांना एक विनंती. आज रात्री मुलाच्या वहीत 'यवर्ग = क्षघन' एवढेच लिहून द्या आणि य च्या जागी 'म गुणिले क्ष' घालायला सांगा. या वक्राला गाठ नाही, टोक आहे. उत्तर दोन ओळींत येते. ते त्याच्याकडून समजावून घ्या.