नावाचे विशेषण होते तेव्हा
(पांढुर्णा येथे लेखक, शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



एम. ए.च्या वर्गाला अनुवादासाठी मी एक इंग्रजी उतारा रचून दिला होता. इंग्रजी समीक्षक लिहितात त्या धर्तीवर त्यात एका म्हाताऱ्या घरमालकिणीचा 'आर्बस चेहरा' घातला होता. बहुतेकांनी 'आर्बससारखा चेहरा' असे भाषांतर केले. म्हणजे ती बाई दिसायला आर्बसबाईंसारखी झाली! काहींनी नाव गाळून 'विचित्र चेहरा' लिहिले. सौंसरकडच्या एका मुलीने लिहिले, 'आधारकार्डावरचा चेहरा'. वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या उत्तराला गुण किती द्यावेत हे ठरवायला मला दोन दिवस लागले.

डिॲन आर्बस (1923–1971) या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकार. सर्कशीतली माणसे, बुटके, अतिउंच, बायकी वेश केलेले पुरुष आणि अगदी साधी कुटुंबेही त्यांनी टिपली. जुळ्या बहिणींचे त्यांचे छायाचित्र जगभर माहीत आहे. चौकोनी चौकट, माणूस मधोमध, नजर थेट कॅमेऱ्यात, आणि पुष्कळदा समोरून फ्लॅशचा उजेड. त्या माणसांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी ओळख वाढवून त्यांनी पुष्कळ चित्रे काढली. इंग्रजीत मात्र त्यांचे नाव विशेषण म्हणून येते तेव्हा ही ओळख गळून पडते आणि 'विचित्र' एवढेच उरते.

ॲन्सेल ॲडम्स यांचेही तसेच झाले. 'ॲन्सेल ॲडम्स आकाश' म्हटले की इंग्रजी वाचकाला काळेपांढरे ढग, कडे, योसेमिटीचे खोरे दिसते. याच ॲडम्सनी 1943 मध्ये मांझानार येथील छावणीत जाऊन युद्धकाळात डांबून ठेवलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांची छायाचित्रे काढली होती. ती माणसे त्या विशेषणात कुठेच नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. मराठीला ही रीत परकी आहे असे कोणी म्हणू नये. 'भगीरथ प्रयत्न' यात काय आहे? नाव उचलले, नामाच्या आधी ठेवले, प्रत्यय नाही, काही नाही. भीष्मप्रतिज्ञा, लक्ष्मणरेषा, चाणक्यनीती हे समास त्याच घरातले. 'तुघलकी कारभार' म्हणताना आपण 'ई' लावतो. 'कळीचा नारद' म्हणताना तर आख्खा माणूसच दुसऱ्याच्या अंगावर घालतो. अडचण व्याकरणाची नाहीच. भगीरथ कोण हे सांगावे लागत नव्हते, कारण कीर्तनाला बसलेल्या निरक्षर माणसालाही तो ठाऊक होता. आर्बस कोण हे मात्र आधी सांगावे लागते, आणि सांगावे लागले की विशेषणाची सगळी बचत गेली.

चित्रकाराच्या बाबतीत ही अट एकदा पुरी झाली. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती स्वस्तात घरोघरी भिंतीवर गेल्या. मग 'रविवर्म्याच्या चित्रातली बाई' एवढे म्हटले की पुढचे वर्णन करावे लागेना. छायाचित्रकाराला हे भाग्य मिळाले नाही. लाला दीनदयाळ आपल्याच मध्य भारतातले म्हणायला हवेत. 1866 मध्ये ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले, होळकरांच्या आश्रयाने छायाचित्रकार झाले, पुढे निजामाने त्यांना 'राजा' केले. संस्थानिकांच्या त्या दरबारी बैठका आपण आजही पाहतो, पण 'दीनदयाळी बैठक' असे कोणी म्हणत नाही. त्यांचे काम दरबारांच्या आणि साहेबांच्या अल्बमांत राहिले, आपल्या भिंतीवर आले नाही.

छायाचित्रकाराचे एक नाव मात्र मराठी वर्तमानपत्रांत रोज छापून येते, आणि तो माणूस कधी जन्मलाच नाही. फेलिनीच्या 1960 च्या 'ला दोल्चे विता' या चित्रपटात पापाराझो नावाचे एक पात्र आहे, नटनट्यांच्या मागे कॅमेरा घेऊन पळणारे. त्याचे इटालियन अनेकवचन 'पापाराझी'. आपण ते एकवचनी करून टाकले, आणि वर अनेकवचनीही तेच वापरतो. चालायचेच.

हे सारे मी पांढुर्ण्यात का बोलतो आहे? कारण आपल्यालाही असेच एक विशेषण चिकटलेले आहे. बाहेरगावी चर्चासत्राला गेलो आणि गाव सांगितले की समोरचा म्हणतो, "म्हणजे ते गोटमारवाले?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रातला पळस, त्यावरचा झेंडा, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि हवेत दगड. दरवर्षी हाच फोटो छापून येतो. खोटा आहे का? नाही. त्या दगडांनी माणसे जखमी होतात, दगावलीही आहेत, ते झाकायचे काही कारण नाही. पण आदल्या दिवशीचे सजवलेले बैल त्या चौकटीत नाहीत. संत्र्याच्या बागा नाहीत, आणि घरी मराठी, शाळेत हिंदी बोलत वाढणारी तुम्ही मुलेही नाहीत. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी फोटो तोच आहे. आर्बसच्या चित्रातल्या माणसांना स्वतःचे नाव असे विशेषण म्हणून ऐकताना काय वाटले असते, याचा थोडा अंदाज आपल्याला येऊ शकतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

म्हणून त्या मुलीच्या उत्तराकडे परत जातो. 'विचित्र' लिहिणाऱ्यांनी न्याय करून टाकला होता, चेहरा दाखवला नव्हता. आधारकार्डात समोरून पडलेला उजेड आहे, थेट नजर आहे, आपला चेहरा आपल्यालाच अनोळखी वाटतो तो धक्काही आहे, आणि पांढुर्ण्यापासून पणजीपर्यंत प्रत्येक मराठी वाचकाच्या खिशात तो फोटो आहे. भगीरथाची अट इथे पुरी होते. मग कमी काय? आधार केंद्रातला माणूस "हनुवटी वर करा" म्हणतो आणि पुढचा टोकन नंबर पुकारतो. आर्बस त्या बाईच्या घरी चहाला थांबल्या असत्या.

दहापैकी सात गुण दिले. मुलगी वही घेऊन आली, म्हणाली, "सर, तीन कशाचे कापले?" मी चहाचे सांगितले. तिने तिथेच उभ्या उभ्या ओळ खोडली आणि लिहिले, 'ओळखीच्या माणसाने फोटो काढावा तशी ती सरळ माझ्याकडे बघत होती.' आर्बसचे नाव त्यात नाही. फ्लॅशचा उजेडही गेला. मी गुण बदलले नाहीत, पण ती ओळ माझ्या वहीत उतरवून घेतली.