लोकलचा हिसका आणि दूरच्या दीर्घिका



पत्रिकेत माझा विषय ‘भौतिकशास्त्रातली कोडी’ असा छापलाय. कृष्णविवरं, पुंजभौतिकी अशी मोठी नावं ऐकायला मिळतील, या अपेक्षेनं काही जण आले असतील. मी मात्र एकच कोडं घेणार आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या प्रत्येक पासधारकाच्या ते अंगवळणी पडलेलं आहे.

बदलापूरहून गाडी सुटते. तुम्ही वरची कडी धरून उभे. हिसका बसतो आणि अख्खी गर्दी मागे झुकते. नववीचा मुलगाही सांगेल, हे जडत्व. कबूल. पण आता डब्यातून बाहेर बघा. तुमच्या दृष्टीनं तुम्ही जागेवरच आहात, फलाटच मागे निघालाय आणि वेग वाढवतोय. मग फलाटावर कटिंग घेऊन उभा असलेला गृहस्थ का झुकत नाही? त्याच्या ग्लासातला चहा का हिंदकळत नाही? गाडी फलाटापासून ज्या त्वरणानं दूर जाते, त्याच त्वरणानं फलाट गाडीपासून दूर जातो. हिसका मात्र एकाच बाजूला. वेग ‘खरोखर’ कोणाचा बदलतोय, हे निसर्ग कशावरून ठरवतो?

गाडी सरळ रुळावर एकाच वेगानं जात असेल, तर हा प्रश्न उठत नाही. डोळे मिटून बसलेल्याला आपण चाललोय की थांबलोय, हे आतून कळायचं नाही. गॅलिलिओनं ते सांगून ठेवलंय. अडचण सुरू होते ती वेग बदलला किंवा वळण आलं की.

न्यूटननं १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त यासाठी पाण्याची बादली घेतली. दोरीला पीळ देऊन टांगलेली बादली सोडली, की आधी नुसती बादली फिरते. पाणी स्थिर आणि सपाट. हळूहळू पाणीही तिच्याबरोबर फिरू लागतं आणि मध्ये खोलगट होतं. आता बादली धरून थांबवा. पाणी फिरतच राहतं आणि खोलगटही राहतं. म्हणजे ते बादलीच्या संदर्भात फिरतंय की नाही, याचा खोलगटपणाशी संबंध नाही. न्यूटनचा निष्कर्ष असा, की पाणी निरपेक्ष अवकाशाच्या संदर्भात फिरतंय.

अर्न्स्ट माखला हे पटलं नाही. जे दिसत नाही, मोजता येत नाही, त्याला साक्षीला कशाला बोलावता? १८८३च्या ग्रंथात त्यानं उलटतपासणी केली: बादलीची भिंत कित्येक कोस जाडीची असती, तर पाणी असंच वागलं असतं, हे कोण सांगणार? त्याचा रोख होता दूरच्या ताऱ्यांवर. जडत्व हे विश्वातल्या साऱ्या वस्तुमानाचं देणं असावं.

याला पुष्टी देणारी एक गोष्ट आहे. फूकोनं १८५१मध्ये पॅरिसला लांब लंबक टांगून पृथ्वीचं फिरणं दाखवलं. तसा लंबक अंबरनाथला टांगला, तर त्याच्या झोक्याची दिशा एक फेरा पुरा करायला सुमारे ७३ तास घेईल. ध्रुवावर तेवढंच काम एका दिवसात होतं. या लंबकावरून पृथ्वीच्या फिरण्याचा जो वेग निघतो, तोच आकाशातले तारे बघूनही निघतो. एक मोजमाप बंद खोलीतलं, दुसरं आभाळातलं. दोन्ही जुळावीत का? योगायोग म्हणून सोडून द्यावं, असं हे नाही.

आइन्स्टाइननं या विचाराला ‘माखचं तत्त्व’ हे नाव दिलं. पण त्याचा सापेक्षता सिद्धान्त ते पुरतं पाळत नाही. १९४९मध्ये गोडेलनं त्याच समीकरणांतून सबंध द्रव्य फिरत असलेलं विश्व काढून दाखवलं; माखच्या हिशेबानं मात्र सगळंच फिरतंय, या म्हणण्याला अर्थ नाही. दुसरीकडे, ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ उपग्रहाच्या २०११मधल्या निष्कर्षांनी दाखवलं, की फिरणारी पृथ्वी जवळच्या भोवऱ्याचा अक्ष किंचित ओढते: वर्षाला एका अंशाचा सुमारे एक लाखावा भाग. म्हणजे माखच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते किती, हा वाद आहे.

या वादात एक मराठी नाव ठळक आहे. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर पंचविशीत असताना, १९६४मध्ये, फ्रेड हॉयल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. प्रत्येक कणाचं वस्तुमान इतर सर्व कणांच्या प्रभावातून येतं, असं त्याचं सूत्र. विश्वात एकटा एकच कण उरला, तर त्याला वस्तुमानच नसेल! पुढच्याच वर्षी वैश्विक पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला, महास्फोटाचं पारडं जड झालं आणि विश्वाला आरंभ नाही, असं मानणारं हॉयल-नारळीकर मत अल्पमतात गेलं. नारळीकर २०२५मध्ये गेले. त्यांचा सिद्धान्त बहुतेकांनी स्वीकारला नाही. पण तो ज्या प्रश्नावर उभा होता, तो निकालात निघालेला नाही.

कोणी विचारेल, २०१२मध्ये हिग्ज कण सापडला ना? सापडला. मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं, हे त्यानं सांगितलं. त्वरण कशाच्या संदर्भात मोजायचं, हे तो सांगत नाही.

समोर शिक्षक मंडळी बसली आहेत, म्हणून एक विनंती करतो. जडत्व शिकवताना एखाद्या मुलीनं ‘कशाच्या संदर्भात?’ असं विचारलं, तर ‘परीक्षेत येत नाही’ म्हणून तिला खाली बसवू नका. नियम हिसका किती बसेल ते सांगतो. का बसतो यावर न्यूटनपासून नारळीकरांपर्यंत भांडण चालू आहे, हे तिला सांगा. त्या भांडणात तिलाही जागा आहे.