पालकांनी द्यावे, पण कुणाच्या मुलासाठी?

आपली मुले ज्या विद्यापीठात शिकतात त्याला पालकांनी पैसा आणि वेळ द्यावा का, असे महाराष्ट्रात विचारले की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. ती आठी रास्त आहे. प्रवेशाच्या बदल्यात उकळलेल्या रकमेलाही आपल्याकडे देणगीच म्हटले गेले, आणि तिला आळा घालण्यासाठी १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. अमेरिकेत पालकांचा निधी ही विद्यापीठांत रुळलेली गोष्ट. पण तिथेही २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत आईबापांनी लाचेचे पैसे एका धर्मादाय संस्थेच्या खात्यातून फिरवले होते. दोन्हीकडे दुखणे एकच : पैसा स्वतःच्या मुलासाठी दिला गेला. म्हणून माझे म्हणणे असे, की पालकांनी जरूर द्यावे, पण ते दुसऱ्याच्या मुलासाठी.

हे आपल्याला नवे नाही. पुण्यात कैक मुले वार लावून शिकली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, त्या घरच्या मुलांच्या पंगतीला. मात्र ती पंगत बहुधा जातीपुरती होती, हेही सांगितलेच पाहिजे. ती मर्यादा ओलांडली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले, तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले; रयतेच्या घरांतून मूठमूठ धान्य आले. धान्य देणाऱ्या बाईला आपली मूठ कोणाच्या ताटात गेली हे कळत नव्हते, आणि त्यामुळेच तिला बदल्यात काही मागताही येत नव्हते. या दानाचे सगळे बळ मला यातच दिसते.

‘आम्ही फी भरतो, आणखी कशाला?’ हा आक्षेप विनाअनुदानित महाविद्यालयात लाखो रुपये भरणाऱ्या पालकाने घेतला, तर तो मला पूर्ण मान्य आहे. त्याच्याकडे कोणी पैसा मागू नये. पण वेळ त्याच्याजवळही आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर पाहा. घरातून पहिल्यांदाच पदवीला आलेली मुलगी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते आहे. उत्पन्नाचा दाखला जुना निघतो, बँक खाते आधारला जोडलेले नसते, आणि अर्ज तिथेच अडतो. बँकेत किंवा तहसील कचेरीत नोकरी केलेला एखादा पालक टेबल मांडून दोन तास बसला, तर तिचे वर्ष सावरेल. त्याच्या स्वतःच्या मुलाला कदाचित या शिष्यवृत्तीची गरजही नसेल.

दुसरा आक्षेप जड आहे. लोक देऊ लागले की सरकार हात काढून घेते. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर वर्षे ढकलली जात असताना ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणून सीमा आधीच आखावी : पालकांच्या पैशातून पगार नाहीत, इमारती नाहीत, प्रयोगशाळाही नाही. ते सरकारचे देणे आहे आणि ते मागतच राहायचे. पालकांचा पैसा खानावळीचे बिल, एसटीचा पास आणि पुस्तके यांसाठी. भूक अनुदानाची वाट पाहत थांबत नाही. ‘कमवा व शिका’ योजनेत सकाळी काम करून वर्गात येणाऱ्या मुलांना या तीन गोष्टींचा भार किती वाटतो, हे कोणत्याही वसतिगृहाच्या रेक्टरना विचारावे.

उरतो वशिल्याचा प्रश्न. देणाऱ्याच्या मुलाला गुण वाढवून मिळणार नाहीत कशावरून? त्यावर उपाय कारकुनी आहे, पण पक्का आहे. प्रवेशप्रक्रिया पूर्ण होईपर्यंत एक रुपयाही घ्यायचा नाही. रकमेला कमाल मर्यादा ठेवायची. पैसा विभागाकडे न जाता थेट विद्यार्थी विकास मंडळाच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा. देणाऱ्यांची यादी लेखापरीक्षकांनी पाहावी, शिक्षकांनी नव्हे. आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी सूचनाफलकावर लागावा. या अटी ऐकून जे पालक मागे सरतील, त्यांचा पैसा विद्यापीठाने न घेतलेलाच बरा.