गुणगौरव जूनमध्ये, पण फॉर्म कधी?

(बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात केलेलं भाषण, थोडं आवरून)



मला ‘पुढे काय?’ या विषयावर बोला म्हणून सांगितलंय. मी काही मोठा वक्ता नव्हे. मी फक्त माझं पहिलं वर्ष सांगतो. त्यातून तुम्हाला काय घ्यायचं ते घ्या.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून दहावी झालो. पीयूसी सायन्स कसंबसं इंग्रजीत ढकललं आणि डिग्रीला शहरातल्या एका कॉलेजात गेलो. नाव सांगत नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नाही. पहिले तीन दिवस हॉलमध्ये सेमिनार. बाहेरून आलेल्या सरांनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि पाच वर्षांनंतरचे स्वतः बघा म्हणाले. सगळं इंग्रजीत, मधेमधे विनोद कन्नडमध्ये. पोरं हसली की मीपण हसायचो, एक सेकंद उशिरा. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? एकही हात वर नाही. सेमिनार यशस्वी झाला म्हणून फोटो निघाला. त्यात मी आहे, तिसऱ्या ओळीत.

मग फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा आली. समोर प्रिझम होता, रीडिंग मी स्वतः घेतलेलं, उत्तर बरोबर आलेलं. सरांनी विचारलं, व्हॉट इज रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स? अहो, अपवर्तनांक मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता! पण तोंड उघडलंच नाही. सरांना वाटलं, पोराने दुसऱ्याचं जर्नल उतरवलंय.

त्यानंतर पंधरा दिवस मी कॉलेजला गेलो नाही. घरातून डबा घेऊन निघायचो आणि बसस्टँडवर बसायचो. आई रोज विचारायची, भाजी संपली का रे? मी हो म्हणायचो. आमच्याच भागातल्या एका सीनियरने मला तिथं धरलं. त्याने उपदेश केला नाही. दोनशे पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. त्वरण, ॲक्सलरेशन. संयुजा, व्हॅलन्सी. रोज वीस शब्द, मोठ्याने म्हणायचे, बसमध्येसुद्धा. विषय मला येत होता, फक्त त्याचं तिथलं नाव येत नव्हतं. हे कळायला कॉलेजात अर्धं वर्ष गेलं, आणि ते मला सेमिनारमध्ये कुणी सांगितलं नाही.

आता असे सेमिनार वाढलेत. २०१९ मध्ये यूजीसीने नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ आणि पदवीसाठी ‘जीवन कौशल’ असा अभ्यासक्रमही आणला. संवाद, नेतृत्व, मूल्ये, सगळं त्यात आहे. वाईट काही नाही. पण संवाद कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत, हा आमचा प्रश्न आहे. घरात एक, वर्गात दुसरी, ऑफिसच्या खिडकीवर तिसरी. म्हणून तुम्ही जाल तिथे पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी विचारा: तोंडी परीक्षेचा सराव कधी घेणार, आणि सीनियर विद्यार्थी कोण भेटणार. प्रेरणा नंतर बघू.

दुसरं बोलतो ते जरा आपल्याच लोकांना लागेल. महाराष्ट्रातल्या सीईटीच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टाईप ई’ म्हणून वेगळी सोय आहे. दहावी किंवा बारावी या भागातून झालेली हवी, आणि दोन दाखले लागतात: एक तुम्ही या भागातले असल्याचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. हा हक्क आपल्या आधीच्या लोकांनी लढून मिळवलाय. पण इंजिनिअरिंगला जायचं तर आधी सीईटी द्यावी लागते, आणि तिचा अर्ज बारावीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी भरावा लागतो. आपण गुणगौरव करतो जूनमध्ये. शाल, श्रीफळ, पेन. त्या वेळी पोराला ‘टाईप ई’ सांगून काय उपयोग? गाडी गेल्यावर तिकीट काढल्यासारखं आहे. माझ्या चुलतभावाचं असंच वर्ष गेलं. मी त्याला सांगितलं तेव्हा जून उजाडला होता. तो आजही मला काही बोलत नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं.

म्हणून माझी मागणी आपल्या समितीकडे आहे, सरकारकडे नंतर. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला आपण हजारोंनी येतो. त्याच आठवड्यात एक रविवार बारावीच्या पोरांसाठी ठेवा. भाषणं नकोत. कॉम्प्युटर, नेट, दाखल्यांचे नमुने आणि फॉर्म भरलेली चार पोरं एवढं बास.

आणि कन्नड. इथे काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, दिसतात मला. सक्तीविरुद्ध मी उद्याही रस्त्यावर येईन, १ जून १९८६ आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. पण उद्यमबागेतल्या कारखान्यात सुपरवायझर व्हायचं, बेंगळुरूला मुलाखतीला जायचं, तर कन्नड बोलता यायला पाहिजे की हो. आपल्या आया बाजारात शेंगा विकताना कन्नडमध्ये घासाघीस करतात, त्यांची मराठी कुठे गेली? मी उशिरा शिकलो, मोडकं बोलतो. एका मुलाखतीत ते मोडकंच उपयोगी पडलं.

पालकांना एकच विनंती. पोरगं डबा घेऊन जातंय एवढ्यावर समाधान मानू नका. परीक्षेत काय विचारलं ते विचारा. इंग्रजी कळत नसलं तरी विचारा. त्याला मराठीत समजावून सांगावं लागेल, आणि सांगताना त्याला किती येतं ते त्याचं त्यालाच कळेल.

मी जास्त बोललो. चहा झाल्यावर मागच्या खोलीत तीन टेबलं मांडलीत. एकावर दाखल्यांचे नमुने आहेत, दुसऱ्यावर यंदा डिग्रीला असलेल्या दोन मुली बसल्यात, त्यांना काहीही विचारा, हॉस्टेलच्या मेसचंसुद्धा. तिसऱ्यावर कोऱ्या वह्या आहेत, मधे रेघ मारलेल्या. ज्याला पाहिजे त्याने घ्या. अकरावीची पोरं आली असतील तर त्यांनी आधी या, तुमच्याकडे अजून वेळ आहे.

जय महाराष्ट्र.