अमेरिकी सत्तेची तीन दारे

(व्याख्यानाचे शब्दांकन)



‘अमेरिकेने निर्बंध लादले’, ‘अमेरिकेने करार केला’, ‘अमेरिकेने माघार घेतली’ अशी वाक्ये वर्तमानपत्रांतून नित्य वाचावयास मिळतात. ती वाचताना डोळ्यांसमोर व्हाइट हाउस आणि तेथे बसलेली एक व्यक्ती उभी राहते. त्या व्यक्तीचे मन वळले की अमेरिका वळली, असा समज त्यातून दृढ होतो. वस्तुतः अमेरिकेत ‘अमेरिका’ नावाचा कोणी एक निर्णयकर्ता नाही. तो असू नये, याचीच काळजी १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिणाऱ्यांनी घेतली होती.

इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढून ही मंडळी मोकळी झाली होती. एका राजाच्या जागी दुसरा राजा बसविण्याची त्यांची इच्छा नव्हती. आणि बहुमताच्या लहरीवर सारे सोपविण्याचीही नव्हती. म्हणून घटनेच्या पहिल्या अनुच्छेदात विधिमंडळ, दुसऱ्यात राष्ट्राध्यक्ष आणि तिसऱ्यात न्यायपालिका अशी सत्तेची वाटणी झाली. जेम्स मॅडिसन यांचा विचार असा होता की, सत्तेची हाव उपदेशाने आवरत नाही. एका सत्तास्थानाला दुसऱ्या सत्तास्थानानेच रोखावे लागते.

या प्रत्येक सत्तास्थानाचे घड्याळ निराळे आहे. विधिमंडळाला तेथे काँग्रेस म्हणतात. तिच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य असतात व त्यांना दर दोन वर्षांनी मतदारांसमोर जावे लागते. सिनेटचे १०० सदस्य सहा वर्षांसाठी निवडून येतात. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची. आणि संघराज्याच्या न्यायालयांतील न्यायाधीश आजन्म पदावर राहू शकतात. राष्ट्राध्यक्ष विधेयक फेटाळू शकतो, पण दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी त्याचा नकार मोडून काढू शकतात. राष्ट्राध्यक्ष आंतरराष्ट्रीय तहावर सही करू शकतो, पण सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीवाचून ती सही व्यर्थ ठरते. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची कल्पना वुड्रो विल्सन यांनी जगाच्या गळी उतरविली. परंतु स्वतःच्या देशाच्या सिनेटला ते पटवू शकले नाहीत. सिनेटने १९१९ आणि १९२० मध्ये व्हर्सायचा तह नाकारला व अमेरिका राष्ट्रसंघाबाहेरच राहिली.

ही यंत्रणा कशी चालते आणि तिच्यावर प्रभाव कसा पडतो, हे समजून घेण्यासाठी फार लांबचे उदाहरण शोधावयास नको. अमेरिकेतील भारतीयांचा इतिहास पुरेसा आहे.

१९ फेब्रुवारी १९२३ या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला. थिंड हे पंजाबातून गेलेले शीख. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या सैन्यात सेवा केली होती. नागरिकत्व तेव्हा ‘गौरवर्णीय’ आणि आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींनाच मिळत असे. आपण आर्यवंशीय आहोत, म्हणजे कॉकेशियन आहोत, सबब गौरवर्णीय ठरतो, असा थिंड यांचा युक्तिवाद होता. तोही वंशाच्याच शिडीवर उभा होता, हे येथे मान्य केले पाहिजे. न्यायमूर्ती सदरलँड यांनी वंशशास्त्र बाजूला सारले. ‘गौरवर्णीय’ या शब्दाचा सामान्य माणूस जो अर्थ घेतो तोच कायद्याचा अर्थ, आणि त्या अर्थात भारतीय बसत नाही, असा तो निकाल होता.

या निकालानंतर, आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई हे त्यांपैकी एक. ब्रिटिश सत्तेखाली राहणे नको म्हणून ते पत्नी-मुलांसह तेथे गेले होते. नागरिकत्व गेले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे मालमत्ता बाळगण्याचा अधिकार गेला. भारतभेटीसाठी अमेरिकी पारपत्रही नाकारले गेले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. न्यायालयाने केलेला एका शब्दाचा अर्थ माणसाच्या घरापर्यंत कसा पोहोचतो, ते यावरून ध्यानात यावे.

थिंड यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच वेळ आली. ते १९१४ पासून अमेरिकी नागरिक होते. आपले नागरिकत्व टिकविण्यासाठी ते पुन्हा न्यायालयातच लढले. सरकारने तेव्हा अपील केले नव्हते. निकाली निघालेला प्रश्न आता उकरता येणार नाही, ही त्यांची भूमिका १९२६ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केली. एक दार बंद झाले तरी त्याच दारातील एक फट त्यांनी शोधली. परंतु कायदा तोच राहिला. तो बदलावयाचा तर दुसऱ्या दाराकडे जाणे प्राप्त होते.

ते दार विधिमंडळाचे. थिंड यांना स्वतःला अखेर त्याच दाराने न्याय मिळाला. महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा काँग्रेसने १९३५ साली केला आणि १९३६ मध्ये थिंड नागरिक झाले.

इतर भारतीयांसाठी मात्र आणखी दहा वर्षे लागली. न्यूयॉर्कचे व्यापारी जे. जे. सिंग हे ‘इंडिया लीग ऑफ अमेरिका’ या संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्यापुढचा प्रश्न बिकट होता. अमेरिकेत भारतीय जेमतेम काही हजार. त्यांतील बहुतेकांना मताधिकार नाही. ज्यांच्यापाशी मत नाही त्यांचे लोकप्रतिनिधीने का ऐकावे? सिंग यांनी उत्तर शोधले ते समोरच्याच्या हितात. भारतीय सैनिक दोस्तराष्ट्रांच्या बाजूने लढत आहेत. उद्याचा स्वतंत्र भारत मित्र म्हणून लागणार आहे. चिनी लोकांवरील बंदी १९४३ साली उठली, मग भारतीयांवरच का? हे मुद्दे त्यांनी वृत्तपत्रांत मांडले आणि सभासदांच्या गाठीभेटी घेऊन गळी उतरविले. मुख्य म्हणजे दोन्ही पक्षांत त्यांनी माणसे जोडली. रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे इमॅन्युएल सेलर यांनी विधेयक पुढे नेले. २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. वर्षाला फक्त १०० भारतीयांना प्रवेश, एवढीच त्यातील मर्यादा. परंतु भारतीयांना नागरिक होण्याचा अधिकार मिळाला. त्या अधिकाराने वैष्णोदासांच्या पत्नी कला बगाई पुढे अमेरिकेच्या नागरिक झाल्या.

इमॅन्युएल सेलर यांची कारकीर्द या संदर्भात मुद्दाम अभ्यासण्याजोगी आहे. थिंड निकालानंतर दोनच आठवड्यांनी, मार्च १९२३ मध्ये, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा हा वकील प्रतिनिधिगृहाचा सदस्य झाला. १९२४ साली राष्ट्रवार कोटे ठरविणारा कठोर स्थलांतर कायदा आला. नवख्या सेलर यांनी त्यास विरोध केला आणि ते हरले. परंतु ते गेले नाहीत. मतदार त्यांना पुनःपुन्हा निवडून देत राहिले. अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयकाचे खरे भवितव्य समितीच्या खोलीत ठरते. बहुसंख्य विधेयके तेथेच मरतात आणि समितीचा अध्यक्ष ज्येष्ठतेने मोठा होत जातो. सेलर न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. १९२४ साली जो कायदा ते रोखू शकले नव्हते, त्यातील कोटापद्धती मोडणारा कायदा त्यांच्याच नावाने १९६५ साली संमत झाला. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. मुंबई-पुण्याहून जे डॉक्टर आणि अभियंते पुढील काळात अमेरिकेस गेले, ज्यांची मुले-नातवंडे आज तेथे मराठी शाळा चालवितात, ते सारे या कायद्याने उघडलेल्या वाटेने गेले. त्यामागे एका माणसाची ४१ वर्षांची चिकाटी होती, हे किती घरांत ठाऊक असेल?

आता तिसरे दार, राष्ट्राध्यक्षाचे. ते सर्वांत भव्य दिसते, आणि म्हणूनच सर्वांत फसवेही ठरते. मे १९९८ मध्ये भारताने पोखरण येथे अणुचाचण्या केल्या. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तत्काळ निर्बंध लादले. परंतु त्यांना निवडच नव्हती. अंतराळवीर म्हणून ख्यातनाम झालेले सिनेटर जॉन ग्लेन यांच्या नावाची १९९४ सालची दुरुस्ती निर्बंध सक्तीचे करीत होती आणि ते शिथिल करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देत नव्हती. हात बांधले होते ते काँग्रेसने. सोडवू शकत होती तीही काँग्रेसच.

तिने पहिली गाठ सोडली ती कोणासाठी? दिल्लीसाठी नव्हे, इस्लामाबादसाठीही नव्हे. वॉशिंग्टन राज्य आणि त्याच्या शेजारच्या भागातील गहू पिकविणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. पाकिस्तान त्यांच्या गव्हाचे मोठे गिऱ्हाईक होते. निर्बंधांमुळे गव्हाच्या निर्यातीसाठीचे कर्ज अडले. शेतकऱ्यांनी आपापल्या लोकप्रतिनिधींना गाठले. पाकिस्तानच्या चाचण्या झाल्या २८ मे रोजी. शेतमालास सूट देणाऱ्या कायद्यावर सही झाली १४ जुलै रोजी. पुरते सात आठवडेही लागले नाहीत. पुढे कॅन्ससचे सिनेटर सॅम ब्राउनबॅक यांच्या पुढाकाराने राष्ट्राध्यक्षाला निर्बंध शिथिल करण्याचा अधिकार मिळाला आणि तो वापरून राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सप्टेंबर २००१ मध्ये ते निर्बंध उठविले. परराष्ट्र धोरणाचे गंभीर तत्त्वज्ञान जेथे हलले नाही, तेथे गव्हाच्या पोत्याने वाट काढली.

भारत-अमेरिका अणुकरार हे तिन्ही धडे एकत्र करणारे उदाहरण होय. १८ जुलै २००५ रोजी बुश आणि डॉ. मनमोहनसिंग यांनी संयुक्त निवेदन केले. पण १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातून भारताला सवलत देणे काँग्रेसच्या हाती होते. अण्वस्त्रप्रसाराचे विरोधक सभागृहांत ठामपणे उभे होते. मग अमेरिकेतील भारतीय डॉक्टर, अभियंते, हॉटेलचालक यांनी आपापल्या मतदारसंघातील सदस्यांना पत्रे लिहिली, भेटी घेतल्या. व्यापारी संघटना कामाला लागल्या. भारतीय दूतावासाने नोंदणीकृत लॉबिंग संस्था नेमल्या. डिसेंबर २००६ मध्ये हाइड कायदा झाला. अंतिम मंजुरीच्या वेळी सिनेटने १ ऑक्टोबर २००८ रोजी ८६ विरुद्ध १३ मतांनी करार संमत केला. दोन नेत्यांच्या हस्तांदोलनापासून अमेरिकी कायद्यापर्यंतचे अंतर सव्वातीन वर्षांचे होते. हाइड कायद्यात काँग्रेसने घातलेल्या अटींवरून भारतात मोठे वादळ उठले, ते उगाच नव्हे. दार उघडताना उंबरठ्याची उंचीही तीच ठरविते.

लॉबिंग हा शब्द मराठी कानांना कुजबुजीसारखा ऐकू येतो. अमेरिकेत मात्र त्याचा पाया घटनेत आहे. १७९१ सालच्या पहिल्या दुरुस्तीने सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क नागरिकाला दिला. परक्या देशासाठी राजकीय काम करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, असा कायदा १९३८ पासून आहे. व्यावसायिक लॉबिंग करणाऱ्यांना १९९५ च्या कायद्यानुसार आपला अशील आणि मोबदला जाहीर करावा लागतो. न्यायाधीशाशी असे बोलणे करता येत नाही. तेथे त्रयस्थ संस्था न्यायालयास लेखी निवेदने देतात आणि न्यायाधीश कोण होणार यावर लक्ष ठेवतात. काही विद्यार्थ्यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या फेडरलिस्ट सोसायटीने परंपरावादी विधिज्ञांच्या पिढ्या घडविल्या. १९७३ चा गर्भपातविषयक निकाल २०२२ साली फिरला, त्यामागे ही चाळीस वर्षांची मशागत होती. तो निकाल कोणास योग्य वाटेल, कोणास अन्याय्य; पण तो एका रात्रीत आला नाही, हे दोघांनाही मान्य करावे लागेल.

या चित्राची काळी बाजू झाकण्याचे कारण नाही. केंद्रीय पातळीवरील नोंदणीकृत लॉबिंगवर २०२३ साली चार अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. ही रक्कम गरिबाच्या खिशातून आलेली नाही. जॅक अब्रामॉफ या बड्या लॉबिस्टने २००६ मध्ये लाचलुचपतीच्या कटाचा गुन्हा कबूल केला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालाने कंपन्यांना निवडणूक प्रचारावर स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करण्याची मुभा मिळाली. गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क सर्वांना सारखा असला, तरी सर्वांचा आवाज सारखा पोहोचत नाही. दारे उघडी आहेत, ती सर्वांसाठीच. भारताच्या मित्रासाठी आहेत, तशीच विरोधकासाठीही.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. १९५६ साली दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तेथे पोहोचलेले ते पहिले भारतीय. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी स्वतःचा पैसा ओतूनही हरले. २०२२ साली डेट्रॉइट परिसरातून प्रतिनिधिगृहात पोहोचले. अशा बातम्यांनी ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांचे पहिले उत्तरदायित्व त्यांच्या मतदारांशी आहे. त्यांना भारताचे वकील मानणे हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि त्यातून निराशाच पदरी पडते. जे. जे. सिंग यांच्या यशाचे मर्म असे की, त्यांनी भारतीयांची मागणी अमेरिकेच्या हिताच्या भाषेत मांडली.

सेलर स्वतः १९७२ साली पक्षांतर्गत निवडणुकीत एका तरुण उमेदवाराकडून पराभूत झाले. पन्नास वर्षांचा ज्येष्ठ सदस्य घरी गेला. त्यांचा कायदा राहिला. माणसे बदलतात, राष्ट्राध्यक्ष बदलतात, पक्ष बदलतात. म्हणून अमेरिकेशी संबंध जोडू पाहणाऱ्या देशाने एका व्यक्तीच्या मैत्रीवर विसंबून चालणार नाही. समितीच्या खोल्या, राज्याराज्यांतील मतदार, न्यायालयांचे निकाल यांचा नित्य अभ्यास करणारी माणसे आपल्या विद्यापीठांतून आणि वृत्तपत्रांतून तयार व्हावयास हवीत. वैष्णोदास बगाई यांना ती मदत मिळाली नाही. यापुढे तसे होऊ नये, हे पाहणे आपल्या हाती आहे.